सत्राची मुदत आणि विषयाचा हंगाम

पत्रकारिता किंवा जनसंवाद शिकणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षी माहितीपट करावा लागतो, ही गोष्ट आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या गावांतली मुलंही तो करतात. साधारण पंधरा मिनिटांची फिल्म, चार-पाच जणांचा गट, आणि सत्र संपायच्या आत ती जमा करायची सक्ती. विषयही बहुधा ठरलेले: वारी, ऊसतोड कामगार, तमाशा, कचरावेचक महिला, धारावी, गिरणगाव. विषयांना नावं ठेवायचं कारण नाही, एकेक विषय आयुष्यभर पुरेल असा आहे. तरीही या फिल्म ओळीने पाहिल्या की त्या एकमेकींसारख्या दिसू लागतात. चित्र स्वच्छ, वरून घेतलेला ड्रोनचा शॉट, खाली बासरी किंवा पियानो, आणि माणसं एकेक वाक्य बोलून निघून गेलेली.

हा दोष मुलांच्या कुवतीचा मानू नये. प्रत्येक विषयाचा एक हंगाम असतो, सत्राला एक मुदत असते, आणि या दोन्हींचा मेळ कसा बसवायचा याचा विचार आपल्या अभ्यासक्रमांनी जवळजवळ केलेलाच नाही. कॅमेरा, भिंग, सॉफ्टवेअर यांबद्दल भरपूर बोललं जातं. वेळेबद्दल कुणी बोलत नाही.

ऊसतोड कामगारांचंच घ्या. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून ही कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. आता सत्राचं वेळापत्रक पाहा. विषयाला मंजुरी जानेवारीत, चित्रीकरण फेब्रुवारीत, फिल्म जमा मार्च-एप्रिलमध्ये. या काळात मुलांना दिसते ती फडातली तोड, पाचटाची कोपी, पहाटेच्या थंडीत गाडी भरणारी बाई. उचलीची बोलणी होतात हंगामाआधी, गावात. घरी सोडलेली म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं दिसतात गावात. शाळेचा वर्ग दिवाळीनंतर कसा रिकामा होत जातो, तेही गावातच दिसतं. म्हणजे ज्या व्यवहारातून हे स्थलांतर सुरू होतं तो व्यवहारच फिल्मबाहेर राहतो, आणि उरतं ते कष्टाचं दर्शन. त्याने हळहळ वाटते. कारखाना, मुकादम आणि कुटुंब यांच्यात पैसा कसा फिरतो, ते मात्र प्रेक्षकाला कळत नाही.

तमाशाचंही तेच. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्या राहुटीत फडमालक आणि गावकरी समोरासमोर बसून रक्कम ठरवतात, आणि ज्याला तमाशाचं अर्थकारण समजून घ्यायचंय त्याच्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. पण तेव्हा मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात. वारीचा घोळ उलटा आहे. आषाढ येतो जून-जुलैत, तेव्हा वर्ग नुकते सुरू होत असतात, संशोधन कशाशी खातात हे अजून शिकवलेलं नसतं. मग सगळेच दिवे घाट आणि रिंगण टिपून येतात. एखाद्या दिंडीच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर, पाण्याच्या टँकरवाल्यावर, किंवा पालखी पुढे गेल्यावर गाव झाडणाऱ्या माणसांवर कुणी तीन आठवडे राहत नाही.

उपाय अवघड नाही. विषय वर्षभर आधी ठरवू द्यावा. एकाच जागी दोन वेगवेगळ्या ऋतूंत जायची अट घालावी. आणि चित्रीकरणाआधीच्या अभ्यासाला स्वतंत्र गुण द्यावेत. आज सगळे गुण तयार फिल्मला मिळतात, म्हणून सगळी धावपळही तिच्यासाठीच होते.

संशोधन आधी आणि कॅमेरा नंतर, याची चांगली उदाहरणं आपल्याच भाषेत आहेत. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, चित्रपटाचं औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. वस्तीतल्या स्त्रियांविषयीच्या अभ्यासातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे सुनील सुकथनकर यांच्यासोबत चित्रपटांची एक लांबलचक मालिका उभी राहिली. जे माहीत झालंय ते लोकांपर्यंत पोहोचवायचं कसं, हा प्रश्न आधी पडला, म्हणून फिल्म आली. विद्यार्थ्यांच्या बाबतीत क्रम नेमका उलटतो: फिल्म करायची हे ठरलेलं असतं, आता त्यात घालायला काहीतरी शोधायचं असतं.

घाईत केलेली फिल्म नेहमी उथळच होते, असं मात्र म्हणता येणार नाही. काही घटना थांबत नाहीत. १९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन पेटलं असताना आनंद पटवर्धन यांनी उसना कॅमेरा घेऊन, सुपर एट फिल्मवर चित्रण केलं. ते पडद्यावर दाखवून सोळा मिलिमीटरवर पुन्हा टिपलं आणि त्यातून ‘क्रांती की तरंगें’ उभी राहिली. आणीबाणीत त्या फिल्मची प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली. पटवर्धन पुढे शिक्षणासाठी कॅनडात गेले, तिथे ती दाखवली गेली. याच पटवर्धनांनी १९९७च्या रमाबाई नगरातल्या गोळीबारापासून आणि शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून सुरू केलेली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण करायला चौदा वर्षं घेतली. दोन्ही वेळा विषयाने मागितला तेवढा वेळ दिला गेला.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती टिपली आणि १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचं स्वागत. भारतातला पहिला वार्तापट म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्याच्या मध्यभागी शिकून आलेला एक तरुण आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन आलं आणि माहितीपट म्हणजे सरकारने दाखवायची गोष्ट, ही समजूत दोन पिढ्यांत घट्ट झाली. १९६० साली पुण्यात प्रभातच्या आवारात चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू झाली, पण तिथे ओढा कथापटाकडे जास्त राहिला. माहितीपटाला विद्यापीठात खरी जागा मिळाली ती दिल्लीच्या जामियामधल्या जनसंवाद केंद्रामुळे. ते १९८२ साली सुरू झालं, कॅनडाच्या यॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने, आणि जेम्स बेव्हरिज हे अनुभवी माहितीपटकार त्याच्या उभारणीत होते. तिथून शिकून बाहेर पडलेल्या सहा तरुणींनी ‘मीडियास्टॉर्म’ नावाचा गट काढला. मुस्लिम महिला विधेयकावर १९८६ साली फिल्म केली, देवराळ्याच्या सतीप्रकरणावर १९८८ साली. नुकत्याच शिकून आलेल्या मुली देशातल्या सगळ्यात तापलेल्या प्रश्नांवर बोलत होत्या आणि त्यांचं ऐकलं जात होतं. मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाने आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या माध्यम विभागाने तीच वाट धरली. टाटा संस्थेत के. पी. जयशंकर आणि अंजली मोन्तेरो यांनी स्वतः फिल्म करत मुलांना शिकवलं. नारायण सुर्वे आणि सुधीर पटवर्धन यांच्यावरची त्यांची ‘साचा’ गिरणगावावर काही करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी पाहावी.

छोट्या गावातून काय होऊ शकतं, याचं उदाहरण म्हणून नागराज मंजुळे यांचं ‘पिस्तुल्या’ नेहमी सांगितलं जातं. ते कथापटाच्या अंगाचं आहे, माहितीपट नव्हे. पण तेव्हाच्या अहमदनगरातल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेताना झालेलं काम राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेलं, ही गोष्ट जिल्ह्याच्या गावातल्या मुलांना धीर देणारी आहे.

आता प्रत्यक्ष काम. साधनांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण हातातला मोबाइल पुरेसा आहे. एक-दोन गोष्टी तेवढ्या सांगण्याजोग्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल आपल्या सोयीने ३० फ्रेम आणि १/६० शटर धरतो, आणि ट्यूबलाइटखालची मुलाखत लुकलुकत राहते. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ही लुकलुक जाते. दुसरं, साठवणुकीचा हिशेब. सोळा मिलिमीटरचा चारशे फुटांचा डबा सुमारे अकरा मिनिटं चालायचा. कच्ची फिल्म महाग असल्यामुळे बटण दाबण्याआधी विद्यार्थी विचार करायचा. आज १०० मेगाबिटच्या दराने फोर-के चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात, आणि तेवढी जागा असलेली हार्ड डिस्क सहज मिळते. म्हणून वीस-वीस तासांचं चित्रण होतं आणि ते पूर्ण पाहायला कुणाला सवड नसते. रोज रात्री त्या दिवशीचं सगळं पाहून, कोण काय बोललं ते वहीत उतरवायचं, एवढा एक नियम गटाने पाळला तरी फिल्म निम्मी सुधारते. दुसऱ्या दिवशी काय विचारायचं ते त्या वहीतूनच सापडतं.

आवाजाकडे मात्र सक्तीने लक्ष द्यायला हवं. अंधुक चित्र प्रेक्षक खपवून घेतो, न कळलेला शब्द नाही. घरातला फ्रिज, पंखा, शेजारच्या देवळाचा कर्णा, फडातला वारा यांतलं काहीही संकलनाच्या टेबलावर पुसून निघत नाही. कॉलरला लावायचा साधा माइक आणि त्यावर वारा अडवणारं केसाळ आवरण, एवढ्यावर बरंच काम होतं. शिवाय प्रत्येक जागेची मिनिटभर नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवावी. दोन वाक्यांच्या मधली जागा भरायला ती लागतेच. आवाज वेगळा टिपायची सवय असली की फिल्मचं रूपही बदलू शकतं. पायल कपाडिया यांनी पुण्याच्या संस्थेत शिकत असताना केलेली ‘अँड व्हॉट इज द समर सेइंग’ ही मराठीतली फिल्म २०१८ साली बर्लिनला दाखवली गेली. जंगलाच्या कडेचं महाराष्ट्रातलं एक गाव, मध शोधणारा माणूस, आणि हलक्या आवाजात आपल्या हरवलेल्या प्रेमाबद्दल बोलणाऱ्या बायका. समोर बसवून घेतलेल्या मुलाखतीची चौकट तिथे नाही. गावाबद्दलची फिल्म म्हणजे समस्येबद्दलची फिल्म, हे आपल्या वर्गांतलं समीकरण ती सहज मोडते.

मुलाखतच नको, असं कुणी यावरून समजू नये. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली ‘आय अॅम ट्वेंटी’ स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांच्या मुलाखतींवरच उभी आहे, आणि ती आजही ताजी वाटते, कारण विचारणाऱ्याला खरंच ऐकायचं होतं. “तुम्हाला काय वाटतं?” या प्रश्नाला माणूस सभेतलं उत्तर देतो. “काल सकाळी उठल्यावर काय काय केलंत?” असं विचारलं की तो आपल्या आयुष्यात शिरतो. उत्तर संपलं असं वाटल्यावर चार-पाच सेकंद गप्प राहावं. पुष्कळदा खरं बोलणं त्यानंतर येतं. हात कामात असताना माणूस मोकळा बोलतो, म्हणून भाकरी थापताना, जाळं विणताना, टायर काढताना बोलतं करावं. आणि शेवटी एखादा प्राध्यापक किंवा संस्थेचा कार्यकर्ता आणून त्याच्याकडून विषयाचा अर्थ सांगून घ्यायची पद्धत बंद करावी, असं मला ठामपणे वाटतं. कोयता घेऊन उभी असलेली बाई आपल्या उचलीचा हिशेब जितका नेमका सांगते तितका दुसरं कुणी सांगत नाही.

संमतीचा प्रश्न या सगळ्यात नाजूक आहे आणि वर्गात त्याला सगळ्यात कमी वेळ मिळतो. बहुतेकदा इंग्रजीतला एक छापील कागद असतो, त्यावर सही किंवा अंगठा घेतला की संमती मिळाली असं मानतात. ज्याला तो कागद वाचता येत नाही त्याने कशाला होकार दिला? फिल्म कुठे दाखवणार, यूट्यूबवर टाकणार का, टाकली तर गावातल्या कुणाच्याही मोबाइलवर ती दिसेल, हे त्या माणसाच्या बोलीत सांगावं आणि त्याचा होकार त्याच्याच शब्दांत कॅमेऱ्यावर घ्यावा. आणि एकदा घेतला म्हणजे संपलं, असंही नाही. कच्चं संकलन त्याला दाखवावं, आणि “हे वाक्य काढा” म्हणाला तर काढावं. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. अशा विषयाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने आधी स्वतःला विचारावं की जे आधीच नोंदवलं गेलंय ते पुन्हा एका बाईच्या तोंडून, तिच्या सासरच्या माणसांदेखत वदवून घ्यायची खरोखर गरज आहे का. मुलांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्ह्यात गुंतलेल्या, अत्याचाराला बळी पडलेल्या, साक्षीदार असलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव लपवलं पण शाळेची पाटी दाखवली, तरी ओळख उघड होतेच. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीच्या ओळखीवरही भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ची बंधनं आहेत. चित्रीकरणाला निघण्याआधी हे शिकवलंच पाहिजे.

पैसे द्यावेत का, यावर शिक्षकांत मतभेद असतात. बोलण्याचे पैसे देऊ नयेत, कारण मग माणूस आपल्याला हवं तेच बोलू लागतो. पण ज्याचा दिवस रोजंदारीवर चालतो त्याचे चार तास घेतले तर बुडालेली मजुरी भरून द्यायला हवी. फिल्मच्या अंदाजपत्रकात ड्रोनच्या भाड्याला जागा असते तशी यालाही असावी.

संकलनात सगळ्यात जास्त नुकसान संगीत करतं. बाईचा आवाज भरून आला की मागून व्हायोलिन वाजतं, आणि तिचं बोलणं प्रेक्षकापर्यंत सरळ पोहोचत नाही. शिवाय हक्कांचा प्रश्न आहेच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्या अभंगाचं गाजलेलं ध्वनिमुद्रण एखाद्या कंपनीचं असतं, आणि ते प्रकाशनानंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइटखाली राहतं. महाविद्यालयात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरतं दाखवायला कायदा सवलत देतो. महोत्सवात किंवा यूट्यूबवर गेलं की अडचण सुरू होते. दिंडीतल्या वारकऱ्याकडूनच तो अभंग, त्याला विचारून, टिपून घेतला तर फिल्म समृद्ध होते आणि हा प्रश्नही सुटतो. उपशीर्षकांबद्दल एवढंच: अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्याच्या तोंडी प्रमाण मराठीतली किंवा पुस्तकी इंग्रजीतली गुळगुळीत वाक्यं घालू नयेत. त्या बोलीचा जाणकार शेजारी बसवून, दोन ओळींत मावेल इतकंच पण त्याच चवीचं लिहावं.

फिल्म तयार झाली की ती जाते कुठे? मुंबईचा माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून आहे, केरळचा २००८ पासून, पुण्यात पर्यावरणविषयक फिल्मसाठी किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव आहे. पण सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं, महोत्सवांना केंद्राकडून सूट मिळवावी लागते, आणि ती सूट नाकारली जाऊ शकते. २००४ साली मुंबईच्या महोत्सवात प्रमाणपत्राच्या अटीवरून आणि काही फिल्म वगळल्यावरून माहितीपटकारांनी ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. २०१७ साली केरळच्या महोत्सवात तीन फिल्मना सूट नाकारली गेली: एक जेएनयूतल्या विद्यार्थी आंदोलनावरची, एक काश्मीर विद्यापीठातल्या तरुणांवरची, एक रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरच्या हैदराबाद विद्यापीठावरची. तिन्ही फिल्म विद्यार्थ्यांच्या जगाबद्दलच्या होत्या. याची दहशत खालपर्यंत झिरपते आणि विषय निवडतानाच मार्गदर्शक म्हणतात, “हे नको, दुसरं काहीतरी घ्या.” मुलांनी हे ऐकू नये, आणि शिक्षकांनी असं म्हणू नये. पुण्याच्या संस्थेतल्या २०१५च्या १३९ दिवसांच्या संपाच्या काळातल्या चित्रणाचा धागा घेऊनच पायल कपाडिया यांची ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ झाली आणि २०२१ साली कान महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला.

महोत्सवांआधी फिल्म जिथली आहे तिथे दाखवली गेली पाहिजे. प्रोजेक्टर, पांढरं कापड, एक स्पीकर, अंधार पडल्यावर मारुतीच्या देवळासमोरचा पार. लोक तिथे जे म्हणतात ते कुठलाही परीक्षक म्हणत नाही: हे चुकलंय, हा आमचा मुकादम नाही, माझ्या बहिणीचं बोलणं का कापलं. हे प्रदर्शन आणि तिथली चर्चा अभ्यासक्रमाचाच भाग करावी, तिचा अहवाल मागावा, आणि त्यानंतर एकदा संकलन बदलायची मुभा द्यावी.

राहिला प्रश्न जपणुकीचा. पीएचडीचा प्रबंध ‘शोधगंगा’वर जातो. विद्यार्थ्यांचा माहितीपट विभागाच्या कपाटातल्या डीव्हीडीवर राहतो, आणि ती चालवणारं यंत्र आता विभागातही नसतं. नारायणगावच्या राहुट्या, बंद होत गेलेल्या गिरण्या, बदलत्या दिंड्या यांची वीस वर्षांची नोंद अशी विखरून पडली आहे. मुंबईत २००८ पासून ‘पॅड डॉट मा’ हा ऑनलाइन संग्रह चालतो. तिथे पूर्ण झालेल्या फिल्मइतकंच महत्त्व न वापरलेल्या चित्रणाला आहे, आणि ते टिपणांसह शोधता येतं. विद्यापीठांनी अशीच सोय मराठीत उभी करावी. प्रत्येक फिल्मसोबत मुलाखतींची पूर्ण लिखित प्रत, संमतीच्या अटी आणि गावातल्या प्रदर्शनाचा अहवाल जोडावा, आणि ज्यांनी संमती मागे घेतली त्यांचं चित्रण वगळून बाकीचं पुढच्या तुकडीला खुलं ठेवावं. म्हणजे पुढच्या जानेवारीत ऊसतोडीवर फिल्म करायला निघालेल्या गटाला, आदल्या गटाने काय पाहिलं आणि गावात जायचं कसं राहून गेलं, ते आधीच माहीत असेल.